सार्वजनिक रुग्णालये व लोकदेणग्या, मुंबई-ठाणे परिसरातील

शासन किंवा नगरपालिका चालविते, परंतु ज्यांच्या उभारणीस धनिकांच्या देणग्या वा नागरिकांच्या वर्गण्या साहाय्यभूत झाल्या, अशी रुग्णालये. मुंबई बेटावर व लगतच्या ठाणे जिल्ह्यात त्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळते. जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यांच्या नावाचे रुग्णालय व गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीच्या साहाय्याने स्थापन झालेले ग्रँट वैद्यक महाविद्यालय ही १८४५ मध्ये एकत्र सुरू झाली. पैसा लोकांचा असला, तरी कारभार मात्र शासनाचा होता. प्राध्यापकांच्या जागा मुख्यत्वे ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ या सेवेतील यूरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. त्याच महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या एतद्देशीय वैद्यांना, त्यांची योग्यता कितीही असली, तरी तेथे वरच्या पदापर्यंत पोहोचणे दुरापास्त होते.

या परिस्थितीतूनच परळच्या रुग्णालयाची कल्पना आकारास आली. सातवे एडवर्ड १९१० मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला व तो नगरपालिकेच्या रुग्णालयाकडे वळविण्यात आला. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी वैद्यक महाविद्यालयासाठी साडेचौदा लाख रुपये देऊ केले. त्यांची अट अशी, की तेथील अध्यापक शासकीय सेवेत नसलेले, योग्य पात्रतेचे स्वतंत्र भारतीयच असावेत. रकमेपेक्षा ही अटच अधिक महत्त्वाची ठरली. दात्याने इमारतीवर आपले नाव कोरून घ्यावे, ही रूढी जुनीच होती. येथे नावाबरोबर नेमणुकीचे धोरणही दानपत्रात आले. नगरपालिकेने ती अट मान्य केली. जॉर्ज विटेट या वास्तुशास्त्रज्ञाने आराखडे केलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (के. ई. एम.) व शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालय ही १९२६ मध्ये कार्यान्वित झाली. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. शहरातील नामांकित वैद्य सकाळी रुग्णालयात मानद सेवा करीत व उपजीविकेसाठी खाजगी व्यवसाय सांभाळीत. अनेक दशके ही पद्धत टिकून होती. परळ लोहमार्गालगत असल्याने कल्याण-ठाण्याकडील रुग्णही येथे येऊ लागले व आजही येतात.

खुद्द ठाण्यात १९०१ मध्ये सुरू झालेले मनोरुग्णालय दीर्घकाळ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले जाई. जिल्हा सामान्य रुग्णालयास विठ्ठल सायन्ना यांचे नाव आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये महानगरपालिकेच्या अखत्यारीत आहेत. ठाणे महानगरपालिकेने (स्थापना १९८२) कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयास १९९२ मध्ये राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडले. स्थानिक स्वराज्य संस्थेने रुग्णालय व वैद्यक महाविद्यालय दोन्ही चालवावीत, हा परळचा प्रघात अशा रीतीने खाडीपलीकडे पोहोचला; फरक इतकाच, की येथे मुख्य आधार दात्याचा नसून करदात्याचा होता.

नव्या इमारतीचा आराखडा करताना बांधकामाच्या काळात रुग्ण कोठे जातील, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. जिल्हा रुग्णालयाची जुनी वास्तू पाडून त्या जागी मोठे रुग्णालय बांधण्याचे ठरल्यावर २०२३ मध्ये तेथील सेवा मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आल्या. त्यामुळे कळव्यावरील भार वाढला, असे त्या वेळी सांगितले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले व राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली.