मोतीबिंदू शस्त्रक्रियोत्तर सामायिक सेवा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेत्रशल्यचिकित्सकाने करावी आणि त्यानंतरच्या काही वा सर्व तपासण्या ऑप्टोमेट्रिस्टने कराव्यात, अशी आधी ठरवून केलेली विभागणी. रुग्ण वर्षानुवर्षे चष्म्यासाठी ज्याच्याकडे जातो, बहुधा त्यानेच मोतीबिंदू प्रथम ओळखलेला असतो. शस्त्रक्रियेचे केंद्र मात्र दूर असते. ही पद्धत सर्वाधिक रुजली ती अमेरिकेत आणि तिचे लेखी नियमही मुख्यतः तिथलेच आहेत.

तपासणीचा क्रम : पहिल्या २४ तासांत डोळ्यातील दाब वाढू शकतो. शस्त्रक्रियेत वापरलेला चिकट पदार्थ आत राहिला, की डोळ्यातील द्रवाचा निचरा अडतो. एंडोफ्थॅल्मायटिस हा आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो तेव्हा बहुधा पहिल्या आठवड्यात. डोळा दुखतो, लाल आहे आणि काल दिसत होते तेवढे आज दिसत नाही, असे रुग्णाने सांगितले तर त्याला पुढची तारीख द्यायची नसते, त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे असते. या संसर्गावरील मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ उजेड कळत होता, अशा रुग्णांना तातडीच्या व्हिट्रेक्टमीचा (डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) स्पष्ट लाभ झाला होता. डोळ्यासमोर हललेला हात ज्यांना दिसत होता, त्यांना तसा लाभ आढळला नाही. त्यामुळे 'दिसत नाही' एवढेच लिहून भागत नाही. हात दिसतो की फक्त उजेड कळतो, हे तपासणाऱ्याने लिहिलेच पाहिजे.

पुढच्या आठवड्यांत स्टेरॉइडच्या थेंबांमुळे काही रुग्णांचा दाब चढतो. पीतबिंदूची सूज चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास अधिक आढळते आणि मधुमेहींना तिचा धोका जास्त असतो. चष्म्याचा नंबर स्थिर झाल्यावर काढतात.

हस्तांतरपत्र : साऱ्या व्यवस्थेत या एका कागदाइतके मोल दुसऱ्या कशालाच नाही. कोणता डोळा, शस्त्रक्रियेची तारीख, बसवलेल्या भिंगाचा प्रकार व शक्ती, टाका घातला का, भिंगामागचे पटल फाटले का, शेवटचा मोजलेला दाब, थेंब कमी करत नेण्याचे वेळापत्रक आणि रात्री-अपरात्री लागणारा शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी एवढे त्यात असायला हवे. पटल फाटलेल्या डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. तो उल्लेख राहिला, तर 'डोळ्यापुढे माश्या फिरतात' ही तक्रार साधी समजली जाण्याची भीती असते.

अमेरिका : पश्चिम व्हर्जिनियाने १९७६ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टना उपचारासाठी औषधे वापरण्याची मुभा दिली, इतर राज्ये मागाहून आली. १ एप्रिल १९८७ पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने परवान्याच्या मर्यादेत त्यांच्या सेवांना चिकित्सकाच्या सेवांचा दर्जा दिला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे शुल्क एकत्रित असते आणि त्यात पुढील ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. या शुल्काचा २० टक्के भाग शस्त्रक्रियोत्तर सेवेचा मानतात. शल्यचिकित्सक आपल्या देयकाला ५४, तर पुढे सांभाळणारा ५५ हा संकेतांक जोडतो आणि तो २० टक्के भाग दिवसांच्या प्रमाणात वाटला जातो. शल्यचिकित्सकाने पहिले ७ दिवस पाहिले व उरलेले ८३ दिवस ऑप्टोमेट्रिस्टने, तर एकूण शुल्काचे सुमारे १.६ टक्के पहिल्याला आणि १८.४ टक्के दुसऱ्याला मिळतात. हस्तांतर लेखी लागते, त्याची प्रत रुग्णाच्या नोंदींत ठेवावी लागते आणि रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष तपासल्याखेरीज ऑप्टोमेट्रिस्टला देयक लावता येत नाही. दुसऱ्या डोळ्याचा हिशेब वेगळा.

वाद : रुग्ण पाठवण्याच्या मोबदल्यात पुढचे शुल्क मिळण्याचा छुपा करार झाल्यास तो लाचविरोधी संघीय कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००० मध्ये संयुक्त भूमिका मांडली, तिचा रोख सरसकट हस्तांतराविरुद्ध होता. निर्णय रुग्णागणिक आणि त्याच्या लेखी संमतीने व्हावा, असा त्यांचा आग्रह आहे. ऑप्टोमेट्रिस्टच्या संघटना प्रशिक्षणाचा आणि रुग्णाच्या सोयीचा आधार घेतात. महागड्या भिंगांसाठी रुग्णाकडून वेगळ्या घेतल्या जाणाऱ्या रकमेच्या वाटणीबद्दल एकमत नाही.

ब्रिटन : गुंतागुंत न झालेल्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला तपासणीसाठी बोलावू नये, असे नाइस या संस्थेने २०१७ मध्ये सुचवले.

भारत : येथे ही विभागणी शुल्कातून आली नाही, अंतरातून आली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यातील नेत्रसाहाय्यकाला महाराष्ट्रात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणतात. शिबिरातून जिल्हा रुग्णालयात नेलेला रुग्ण काळा चष्मा, थेंबांची बाटली आणि केसपेपर घेऊन गावी परततो. पुढे त्याची गाठ पडते ती बहुधा याच अधिकाऱ्याशी. थेंब मध्येच थांबवणे आणि चष्म्याच्या तपासणीला न येणे या नेहमीच्या अडचणी असून त्या प्रत्यक्ष भेटीनेच सुटतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने सुमारे ५० हजार लोकवस्तीमागे एक दृष्टिकेंद्र, अशी रचना उभारली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या केंद्रांतून डॉक्टर दूरस्थ पद्धतीने रुग्ण पाहतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले. शस्त्रक्रियेनंतर त्याने कोणते निर्णय स्वतः घ्यावेत, हे बहुतांशी त्या त्या रुग्णालयाच्या पद्धतीवर अवलंबून आहे.