विहीर-सिंचन, महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण प्रदेशातील

विहिरीच्या पाण्यावर केली जाणारी बागायत. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सोलापूर, सांगली तसेच पुणे व सातारा जिल्ह्यांच्या पूर्व भागांत, तिला फार महत्त्व आहे. महसुली परिभाषेत हिला ‘मोटस्थळ’ व पाटाच्या पाण्यावरील बागायतीला ‘पाटस्थळ’ म्हणत.

राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाने व्यापला आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या या खडकाचा अभंग भाग पाणी धरीत नाही. पाणी साठते ते मुरुमात, सांध्यांत व सच्छिद्र पट्ट्यांत. ही साठवण खडकाच्या आकारमानाच्या सामान्यतः १ ते ३ टक्के एवढीच असते. एका विहिरीला पाणी लागावे व शेजारची कोरडी जावी, हा अनुभव नित्याचा असल्याने पाणाड्याची प्रतिष्ठा टिकून राहिली. वरून वेगळ्या दिसणाऱ्या विहिरी मात्र पुष्कळदा एकाच थरातून पाणी घेतात.

मोटेचा उपसा बैलांच्या बळाने मर्यादित होता. बैल सोडल्यावर रात्रभरात झरे विहीर पुन्हा भरीत. उपशावर निर्बंध कोणी घातलेला नव्हता. तो साधनाच्या दुबळेपणातच होता. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा अधिकार मान्य केला, तर १८८३ च्या अधिनियमान्वये विहिरीसाठी तगाई मिळू लागली. अधिकार व कर्ज दोन्ही वैयक्तिक राहिले. भूमिहीनाला या पाण्यात वाटाच नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात तेलाची इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट मागे पडली. बैलांना दिवसभर लागे तेवढे पाणी पंप थोड्या वेळात उपसू लागला. अश्वशक्तीवर ठरलेल्या वीजआकारामुळे अधिक उपशाचा अधिक खर्चही राहिला नाही. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर विंधन विहिरी खोदल्या गेल्या. पुढे हेच तंत्र बागायतीत शिरले. उथळ विहीर आटली की ज्याला परवडे तो खोल जाई; ज्याला परवडत नसे त्याची बागायत पुन्हा जिरायत होई.

याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचे, भूमिहीनांनाही त्यात हक्क द्यावयाचा व ऊस घ्यावयाचा नाही, ही त्याची सूत्रे होत. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडणे, हे त्यातील खरे धाडस होते. हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर पाणलोटाच्या कामांबरोबर शेतीसाठी विंधन विहिरी वर्ज्य केल्या. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो व त्यावरून पिके ठरतात. ही उदाहरणे गावाच्या एकमतावर उभी असल्याने त्यांचा प्रसार मर्यादितच झाला.

१९९३ च्या राज्य अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्‌भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास मनाई केली. २००९ चा व्यापक अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला. त्यात शेती व उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी आहे. तोपर्यंत याहून कितीतरी खोल विंधन विहिरी या पट्ट्यातील बागाईतदारांच्या शेतांत झालेल्या होत्या.