नव्या वहींतील जुनीं नातीं

पेढीवरील खतावणी जीर्ण झाली म्हणजे दिवाणजी नवी वही घालीत. पानें उतरवून काढणें सोपें. परंतु कीर्दींत ज्याच्या नांवें रक्कम पडली त्याचें खातेंच खतावणींत नसेल, तर मेळ बसावा कसा? संगणकाच्या युगांत हाच प्रश्न ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसच्या इतिहासांत उभा राहिला.

माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याचा सिद्धान्त एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केला. त्याच धर्तीवरचा ‘मायएसक्यूएल’ १९९५ सालीं स्वीडनमध्यें निघाला. त्यांत तक्ते सांठविण्याचें काम वेगळ्या इंजिनाकडे असतें. ‘मायआयसॅम’ हें त्याचें जुनें इंजिन वाचनास चपळ. पण नात्यांची जबाबदारी तें घेत नसे. ऑर्डरींच्या तक्त्यांतील प्रत्येक नोंदीचा धनी गिऱ्हाइकांच्या तक्त्यांत असलाच पाहिजे, या नियमास ‘फॉरेन की’ म्हणतात. तो नियम लिहून दिला, तरी हें इंजिन निमूटपणें ऐकून घेई आणि सोडून देई. वेबसाइटवरून गिऱ्हाइकाचें नांव पुसलें गेलें, तरी त्याच्या ऑर्डरी अनाथ होऊन तशाच राहात.

फिनलंडच्या हेक्की तूरी यांचें ‘इनोडीबी’ इंजिन २००१ सालीं ‘मायएसक्यूएल’बरोबर मिळूं लागलें. व्यवहार पुरा तरी व्हावा, नाहीं तर मुळींच होऊं नये, ही त्याची शिस्त. फॉरेन कीही तें पाळी. डिसेंबर २०१० मधील ५.५ या आवृत्तीपासून तेंच मूळ इंजिन ठरलें, आणि जुने तक्ते हलविण्याची निकड वाढली.

इंजिन बदलण्यास एक आज्ञा पुरते. पण तिनें नातीं उत्पन्न होत नाहींत, कारण जुन्या इंजिनानें तीं टिपूनच ठेवलेलीं नसतात. म्हणून प्रथम सर्व माहितीची प्रत काढावी. अनाथ नोंदी शोधून त्यांचा निकाल लावावा. जोडावयाचे दोन्ही रकाने एकाच जातीचे आहेत कीं नाहींत, हें पाहावें. मग दोन्ही तक्ते नव्या इंजिनांत न्यावे, आणि शेवटीं फॉरेन की घालावी. तपासणी तात्पुरती बंद ठेवून काम उरकणारे फसतात. ती पुन्हां सुरू केली म्हणून आधींच्या नोंदी तपासल्या जात नाहींत, आणि दोष नव्या वहींतही तसाच राहतो.

नवें इंजिन चोख पहारेकरी खरा. परंतु पहारा बसविण्यापूर्वीं घरांत काय शिरलें आहे, हें पाहण्याचें काम घरधन्याचेंच.