हरळीची हिरवळ

हिरवळीची हौस इंग्रजांबरोबर दख्खनमध्ये आली. गवत मात्र त्यांना इथलेच पत्करावे लागले. त्यांच्या मायदेशीचे मऊ गवत थंड हवेचे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढणाऱ्या हैदराबादेत ते कसे तगणार?

कोठीची रेसिडेन्सी १८०३ च्या सुमारास उभी राहत होती. त्यापूर्वीच तेलुगू मुलुखातील सामलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ इथल्या वनस्पतींचा अभ्यास करून गेला होता. आपल्या हरळीला, तेलुगूतल्या गरिकेला, त्याने उपयुक्त गवतांत मोठा मान दिला, तो मुख्यतः गुरांचा चारा म्हणून! आपण तिलाच दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि शेतकरी तिलाच शिव्या देत कुदळीने खणून काढतो. पण ज्या चिवटपणाचा शेतकऱ्याला ताप, तोच माळ्याला वरदान ठरला. हरळीची खोडे जमिनीवर पसरतात, तशी जमिनीखालीही दडून राहतात. वरचे पाते करपले तरी पहिल्या पावसाबरोबर ती पेरापेरांतून फुटते.

अमेरिकेत हिलाच बर्म्युडा गवत म्हणतात. आफ्रिकेतील एका भाऊबंदाशी तिचा संकर करून जॉर्जियातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी १९५६ साली ‘टिफग्रीन’ ही जात प्रसृत केली.

हरळीचा हट्ट एकच, उन्हाचा. चिंचेच्या दाट छायेत ती विरळ होते. थोडी सावली असेल तेथे कोरियन गवत बरे. मात्र ते फार सावकाश पसरते. आणि विंधनविहिरीचे पाणी उपसून उन्हाळाभर हरळी हिरवीगार राखण्याचा अट्टाहास मला तरी पटत नाही. पिवळी पडली म्हणजे ती मेली असे नव्हे.