लाल ठिपक्याचा नेम : डब्लिनपासून लहान पिस्तुलापर्यंत

पिस्तुलावरचा लाल ठिपका तुम्हाला अगदी अलीकडचा वाटेल, पण त्यामागची कल्पना १९०० सालची आहे. नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी काचेवरून परावर्तित होणारी खूण जणू अनंत अंतरावर दिसेल अशी योजना केली. डोळा थोडा सरकला तरी नेम फारसा ढळेना. पुढे लढाऊ विमानांनी ती उचलली. हातातल्या बंदुकीवर ती मोठ्या प्रमाणावर रुळायला मात्र एलईडीची वाट पाहावी लागली. स्वीडनच्या एमपॉइंटचे साइट १९७५ मध्ये आले.

आता अमेरिकेत कपड्याआड बाळगायच्या लहान पिस्तुलाचा विचार करा. त्याची स्लाइड जेमतेम इंचभर रुंद. ग्रब यांनी डोळ्याला दिलेली मोकळीक काचेच्या चौकटीपुरतीच असते, हे इथे जाणवते: मनगट किंचित वाकले की ठिपकाच गायब! मोठी काच घ्यावी, तर ती स्लाइडबाहेर येते आणि कपड्यात अडकते. शिवाय प्रत्येक गोळीसरशी स्लाइडचा हिसका साइटलाच सोसावा लागतो. ट्रायजिकॉनने आपल्या आरएमआरची अरुंद आवृत्ती २०२० मध्ये काढली, तेव्हा रुंदीबरोबर काचही घटली.