भोकाचा इतिहास : घुमटापासून गाडीच्या डिकीपर्यंत

उसाचा हंगाम सुरू झाला, की शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री एक अनुभव हमखास येतो. ट्रॅक्टर अद्याप वळणाआड असतो, त्याचे दिवे दिसलेले नसतात, गाण्याचा शब्दही कानी पडलेला नसतो. तरीही छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी धपधपू लागते. गाणे मागाहून येते. आधी येतो तो ‘बेस’. एका टोकाला शिरूर तालुक्यातील घोडगंगा कारखाना, दुसऱ्या टोकाला दौंड तालुक्यातील पाटसचा भीमा कारखाना, आणि मधल्या रस्त्यावर हा अदृश्य नगारा. हीच गोष्ट लग्नाच्या वरातीत, रांजणगावच्या महामार्गावर धावणाऱ्या मोटारीत आणि दौंडच्या चौकात उभ्या असलेल्या जीपमध्येही असते.

त्या धपधपीचे मूळ गाडीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या सीटमागे ठेवलेल्या एका लाकडी पेटीत आहे. आणि नेमकेपणाने सांगायचे तर त्या पेटीला पाडलेल्या एका भोकात. आजचा धागा त्या भोकाविषयी आहे. विषय हलका वाटेल. पण या भोकाला जवळपास शंभर वर्षांचा लिखित आणि त्याहून कितीतरी जुना अलिखित इतिहास आहे.

आधी शंका. वूफरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. म्हणजे एकच पडदा एकाच वेळी परस्परविरोधी अशा दोन लहरी निर्माण करतो. वूफर उघडा ठेवला, तर या दोन लहरी कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि खालचे सूर विरून जातात. वूफर हातात धरून वाजवून पाहिलेल्या कोणालाही तो चिरका, पोकळ आवाज ठाऊक असेल. म्हणून पेटी आली : मागील लहर कोंडून ठेवायची. पण कोंडली म्हणजे निम्मी मेहनत वाया गेली. ही मागची लहर उलटी करून पुढच्या लहरीच्या मदतीला पाठवता आली तर? भोक हे या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘हवा बाहेर जावी म्हणून भोक ठेवतात’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धवटही खरे नाही.

या उत्तराचे मातीतले रूप आपल्या शेजारीच आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात गणेशचतुर्थीच्या आरत्यांना जे घुमट वाजते, ते नीट पाहावे. मातीचे भांडे, एका बाजूचे मोठे तोंड कातड्याने मढवलेले, दुसऱ्या बाजूचे निमुळते तोंड मोकळे. वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप देतो आणि डाव्या तळव्याने ते मागचे तोंड कधी झाकतो, कधी उघडतो. कातडे म्हणजे पडदा, भांडे म्हणजे पेटी, मागचे तोंड म्हणजे पोर्ट. आणि डावा हात म्हणजे वाजवता वाजवता केलेले ट्यूनिंग. पूर्वी हे वाद्य घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती वाट बंद झाली आणि बकरीचे कातडे आले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. ज्या कुंभारांनी या भांड्याचा आकार ठरवला, त्यांनी समीकरण मांडले नव्हते. त्यांनी कान लावला होता.

समीकरणाची वाट जर्मनीतून येते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हा शिक्षणाने वैद्य. १८६३ साली त्याने ध्वनिसंवेदनांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. गुंतागुंतीच्या आवाजातून एकेक सूर वेगळा करून ऐकण्यासाठी त्याने पोकळ गोळे वापरले : एका बाजूला आखूड मान असलेले तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारे छोटे टोक. प्रत्येक गोळा केवळ एकाच सुराला ‘ओ’ देई. कारण सोपे आहे. मानेतली हवा हे वजन, आणि गोळ्यातली हवा ही स्प्रिंग. वजन मोठे केले किंवा स्प्रिंग सैल केली, की सूर खाली जातो. नळाखाली कळशी भरताना आवाज चढत जातो तो याच न्यायाने. पाणी वाढते, आतली हवा कमी होते, स्प्रिंग ताठ होते. हेल्महोल्ट्झचा गोळा आवाज ऐकण्यासाठी होता. त्याच तत्त्वाने आवाज करावा, हे सुचायला आणखी सहा-सात दशके जावी लागली, कारण तोवर वूफरच जन्मला नव्हता.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज आपण ओळखतो तशा, चुंबकात तारेचे वेटोळे हलवणाऱ्या लाउडस्पीकरचा पाया घालणारा निबंध मांडला. पाठोपाठ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्बर्ट थुरास या संशोधकाने पेटीला मुद्दाम नळी बसवली आणि १९३० साली एकस्वासाठी अर्ज केला. १९३२ साली ते मिळाले. पुढे ‘बास रिफ्लेक्स’ हे नाव रूढ झाले. बेल प्रयोगशाळा हे नाव लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

थुरासचे तत्त्व पक्के होते, पण पेटी किती मोठी आणि नळी किती लांब हे ठरवण्याची रीत नव्हती. पुढील तीस वर्षे कारागीर पेट्या बांधत राहिले. काही उत्तम जमल्या, पुष्कळशा एकाच सुरावर घुमणाऱ्या निघाल्या. वैतागून काहींनी भोकच बुजवले. १९५४ साली एडगर व्हिल्चर याने पूर्ण बंदिस्त, छोट्या पेटीचा मार्ग यशस्वी करून दाखवला आणि बाजार तिकडे वळला.

कोडे सुटले ते ऑस्ट्रेलियात. सिडनीत काम करणाऱ्या नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ साली दाखवून दिले, की भोकाची पेटी म्हणजे विद्युत्‌शास्त्रातला एक परिचित फिल्टरच आहे. त्या फिल्टरची तयार गणिते उचलून इथे लावली, की अंदाजाचे काम संपते. हा निबंध एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात छापला गेला आणि जगाने त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. १९७१ साली अमेरिकेतील ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला, तेव्हा कुठे गाजावाजा झाला. (प्रादेशिक नियतकालिकांत संशोधन छापणाऱ्यांना हे दहा वर्षांचे मौन ओळखीचे वाटेल.) अमेरिकेतून सिडनी विद्यापीठात आलेल्या रिचर्ड स्मॉल याने ते काम १९७२-७३च्या निबंधमालेत पूर्णत्वाला नेले. आज वूफरच्या खोक्यातील कागदावर जे आकडे छापलेले असतात, म्हणजे पडद्याचा नैसर्गिक सूर, त्याच्या लवचिकतेइतके हवेचे आकारमान आणि त्याच्या दोलनांवरचा लगाम, त्यांना ‘थील-स्मॉल’ आकडे म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. पेटी मग डिकीच्या मापाने बनते, वूफरच्या नव्हे.

तो कागद वाचला तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बारा इंची वूफरला ५० लिटर हवा मानवते आणि पेटी ३५ हर्ट्झवर जुळवायची आहे. नळी १० सेंटिमीटर व्यासाची घेतली, तर हेल्महोल्ट्झच्या सूत्राने हवेच्या दांड्याची लांबी सुमारे ३८ सेंटिमीटर येते. पण नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही तिच्यासोबत डोलत असते; त्यासाठी सुमारे ७ सेंटिमीटर वजा करायचे. उरली ३१. आता मोह असा होतो, की ७.५ सेंटिमीटरची बारीक नळी घ्यावी, कारण तिची लांबी अवघी १६ भरते आणि ती सहज मावते. पण तेवढीच हवा बारीक वाटेने जाऊ लागली, की तिचा वेग वाढतो आणि गाण्यात फूत्कार ऐकू येतात. उलट १५ सेंटिमीटरची ऐसपैस नळी घेतली, तर लांबी ७५ होते आणि पेटीतच मावत नाही. या ओढाताणीतून मधला मार्ग काढणे हेच डिझाइन.

आणखी एक चूक सार्वत्रिक आहे. ५० लिटर ही निव्वळ हवा. नळी स्वतः सुमारे ३ लिटर जागा खाते आणि वूफरचे चुंबक-सांगाडा साधारण तेवढीच. म्हणजे आतून ५६ लिटर हवेत : ३५ × ४० × ४० सेंटिमीटर. ही आतली मापे आहेत. १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला, तर बाहेरून प्रत्येक माप ३.६ सेंटिमीटरने वाढेल. सुताराला बाहेरचे माप सांगून आतली हवा मोजणाऱ्यांची पेटी कधीच जुळत नाही. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने घट्ट हवेत, कारण फटीतून गळणारी हवा स्प्रिंग ढिली करते. आणि गंमत म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हवा ४५ अंशांवर गेली, की ध्वनीचा वेग वाढतो आणि ३५ हर्ट्झची पेटी साधारण दीड हर्ट्झ वर सरकते. कानाला ते कळणार नाही, पण हेल्महोल्ट्झला कळले असते.

जुळवलेल्या सुरावर एक विलक्षण दृश्य दिसते. आवाज सर्वांत भरदार असतो, पण वूफरचा पडदा जवळजवळ स्तब्ध. सारे काम नळीतली हवा करते. तळहात नळीपुढे धरला तर तो वारा जाणवतो. मात्र त्या सुराच्या खाली गेले, की पेटीतील स्प्रिंगचा आधार सुटतो, पडदा मोकाट हलू लागतो आणि आवाज मात्र निर्माण होत नाही, कारण पुढची व मागची लहर पुन्हा एकमेकींना खातात. वूफर जळतात-फाटतात ते बहुधा याच टप्प्यात. म्हणून जाणकार माणूस अँप्लिफायरवर तितके खालचे सूर अडवणारा फिल्टर लावतो. बंद पेटीत हा धोका कमी, कारण तिथली हवा पडद्याला शेवटपर्यंत धरून ठेवते. शिवाय मोटारीची बंदिस्त केबिन स्वतःच खालचे सूर फुगवते. घरातील पेटी जशीच्या तशी गाडीत ठेवली, तर ती अकारण घुमते.

आता भाषेकडे. भोंग्याला आपण ‘कर्णा’ म्हणालो, कारण तुतारीच्या घराण्यातील ते वाद्य आपल्या ओळखीचे होते; नवे यंत्र जुन्या नावात सामावले. पण वरातीपुढच्या स्पीकरच्या भिंतीला पश्चिम महाराष्ट्राने नाव दिले ‘डॉल्बी’. रे डॉल्बी याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव गोंगाटाला मिळाले, आणि मग ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशी मोहीमही निघाली. शब्दांच्या इतिहासात इतका निष्ठुर विनोद क्वचित सापडतो.

हा विनोद इथेच सोडून देता येत नाही. घरात तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, खिडकीची तावदाने आणि छपराचे पत्रे थरथरत असतील, तर त्या घराला भोकाच्या सौंदर्याशी देणेघेणे नसते. दुसऱ्या बाजूला, कारखान्याच्या रांगेत रात्र काढणाऱ्या, झोपेशी झुंजणाऱ्या ट्रॅक्टरचालकाचे गाणे हिसकावून घ्यावे असे मला वाटत नाही. त्या आवाजात मागच्या वाहनाचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, हे मात्र तितकेच खरे. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निकाल दिला. रात्री दहा ते सकाळी सहा हा निषिद्ध काळ आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत, आणि इथे बेल प्रयोगशाळा परत येते. १९३३ साली तिथल्याच हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसाच्या कानाला कोणता सूर किती मोठा भासतो, याचे आलेख प्रसिद्ध केले. हळू आवाजात कान खालच्या सुरांना फारसा दाद देत नाही, असे त्यांत दिसले. त्याच दशकात त्या हळू आवाजाच्या आलेखावरून मीटरचे ‘ए’ माप बेतले गेले. परिणामी ५० हर्ट्झच्या सुरातून हे माप सुमारे ३० डेसिबल वजा करते : प्रत्यक्षात १०० असलेला सूर मीटरवर ७० दिसतो. ४० हर्ट्झला वजावट जवळपास ३५.

वरातीपुढे उभे राहून मोजले, तर गाण्यातील वरचे सूरच मर्यादा ओलांडतात, त्यामुळे तिथे हा फरक झाकला जातो. तो उघडा पडतो घराच्या आत. भिंत वरचे सूर अडवते आणि खालचे आत सोडते. मग घरात उरते ती केवळ धपधप, आणि तीच मोजण्यात मीटर सर्वांत दुबळे. मीटरवर ‘सी’ नावाचे दुसरे मापही असते. ५० हर्ट्झला त्याची वजावट दीड डेसिबलहूनही कमी आहे. आपल्या नियमांच्या तक्त्यात मात्र ‘ए’च छापलेले आहे.