अवधानकाल, अल्प

एखाद्या कामावर चित्त न ढळता जितका वेळ टिकते, तो अवधानकाल. तो प्रत्येकाला जन्मतः ठरवून मिळत नाही; कामाची गोडी, झोप, थकवा आणि भोवतालचा गोंगाट यांनुसार एकाच दिवसात कमीजास्त होतो. माणसाचे अवधान आठ सेकंदांवर, म्हणजे गोल्डफिशच्याही खाली आले, हे 2015 पासून पसरलेले विधान निराधार आहे.

अवधान कामाच्या मांडणीने कसे तुटते, हे पूर्व बंगळूरमधील, 1990 नंतरच्या दशकांत आयटी पार्कांनी भरून गेलेल्या व्हाइटफील्डमध्ये दिसते. इथल्या प्रोग्रामरला एका चुकीचा माग काढताना अनेक फायली आणि अटी एकदम डोक्यात धराव्या लागतात. मधेच चॅटवर निरोप आला, की ती मांडणी विस्कटते. त्यात अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या वेळेनुसार रात्रीचे कॉल असले, तर झोपही तुटते. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकतो, असे संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवले. संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांत संगणकाच्या एका पडद्यावर लक्ष टिकण्याची सरासरी 2004 मध्ये अडीच मिनिटे होती, ती अलीकडे 47 सेकंदांवर आली. हा आकडा पडदे बदलण्याच्या सवयीचा आहे, मेंदूच्या कुवतीचा नव्हे. शिवाय व्यत्यय नेहमी बाहेरून येत नाही. निरोप आलेला नसतानाही हात मोबाइलकडे जातोच.

याच बंगळुरात शतावधानी आर. गणेश यांनी अवधानकला, म्हणजे अनेकांच्या प्रश्नांना एकाच वेळी तोंड देत काव्य रचण्याची कला, गाजवली. तिच्यातील अष्टावधानात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, असतात आणि त्यांतील एकाचे कामच अवांतर बोलून कवीचे चित्त विचलित करणे हे असते. मात्र ही सिद्धी छंद व काव्य यांच्या दीर्घ अभ्यासावर उभी आहे. तिच्या आधारे बैठकीत बसून मेल लिहिण्याचे समर्थन करता येत नाही.

उपाय इच्छाशक्तीपेक्षा मांडणीत अधिक आहे. सूचना बंद ठेवाव्यात, निरोप ठरावीक वेळी पाहावेत, फोन दुसऱ्या खोलीत असावा. उठावे लागलेच, तर पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. परतल्यावर धागा लवकर सापडतो. फ्रांचेस्को चिरिल्लो यांची 25 मिनिटे काम, 5 मिनिटे विश्रांती ही पद्धत किरकोळ कामांना बरी. अवघड कोडला ती तोकडी पडते. गटानेच सकाळचे दोन तास बैठकमुक्त ठेवले, तर एकट्याच्या निग्रहाहून जास्त साधते.

मोबाइलचा वापर आवरेनासा झाल्यास निम्हान्स या बंगळूरच्याच संस्थेत 2014 पासून ‘शट’ क्लिनिक चालते. एडीएचडी हा अवधानाचा विकार मात्र वेगळा: त्याची लक्षणे बाराव्या वर्षाआधीच सुरू झालेली असावी लागतात आणि ती घर, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात. त्याचे निदान मनोविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. समाजमाध्यमांवरील प्रश्नावली सोडवून गोळ्या सुरू करू नयेत.